सूप उलटं धरलं त्या दिवशी

सकाळी न्हाणीतून रतनबाईंची हाक आली तेव्हा कस्तुराबाई वड्यांचं पीठ मळत होती, आणि हाकेच्या सुरावरूनच तिला कळलं की आता आपलं उघडं पडलं.

"कस्तुरे! हितं ये आदी!"

पिठाचे हात तसेच घेऊन ती परसात गेली. न्हाणीच्या दगडावर सरू उभी होती. नऊ वर्षांची काटकुळी पोर, अंगावरून पाणी निथळत होतं. रतनबाईंनी तिला दंडाला धरून पाठमोरी केली होती. पाठीवर तीन वळ होते, बोटाएवढे जाड. दोन जुने, पिवळे पडलेले, आणि एक ताजा जांभळा. उजव्या घोट्याभोवती दोरी काचल्याची खूण होती.

"ह्ये काय हाय?"

कस्तुराबाईला खोटं बोलायचं असतं तरी ते जमलं नसतं. "फुंकणी," ती म्हणाली.

"कुनी मारली?"

"मीच."

रतनबाई म्हणजे तिची थोरली नणंद, वराळ्याला दिलेली. सासरी तिचं कुणी ऐकत नसे, त्यामुळे माहेरी आली की वर्षभराचं बोलून घ्यायची. पण आत्ता ती एक अक्षर बोलली नाही, आणि कस्तुराबाईला त्याचीच धास्ती वाटली. रतनबाईंनी पोरीला कोरड्या लुगड्यात गुंडाळलं, एवढ्या मोठ्या पोरीला कडेवर घेतलं आणि पुरुषमाणसं बसली होती त्या पडवीकडे निघाली. तिच्या खांद्यावरून सरू मागे कस्तुराबाईकडे बघत होती. डोळे कोरडे ठणठणीत होते.

सासूबाईंचं वर्षश्राद्ध होतं. म्हातारी होती तोवर बेडशाच्या या घरात दुसऱ्या कुणाचा शब्द चालत नव्हता, आणि नऊ वर्षांपूर्वी तिनं जे करून ठेवलं त्याच्यावर कुणी ब्र काढायची छाती केली नव्हती. आता ती नव्हती. घरात शब्द चालवायला जागा मोकळी झाली होती, आणि मोकळी जागा काही रतनबाईंना बघवत नसे.

म्हातारीनं करून ठेवलं होतं ते असं. थोरली सून विठाबाई हिची दोन पोरं लागोपाठ पाळण्यातच गेली. तिसऱ्या खेपेला जुळ्या मुली झाल्या. पोरं जगत नसली की मावळात पोराला सुपात घालून उकिरड्यावर ठेवतात, आणि दुसरी कुणी बाई येऊन सूपभर कोंडा देऊन त्याला विकत घेते. ज्या कुणाचा वाईट डोळा त्या घरावर असेल त्याला वाटावं, हे पोर या घरचं नव्हेच. इतर घरांत हे नाटकच असतं. कोंडा देतात, चार बाया हसतात, आणि दिवेलागणीला पोर आईच्या पदराखाली परत येतं. म्हातारीला नाटक मान्य नव्हतं. एका चुलीवर दोघी वाढल्या तर एकही हाती लागायची नाही, असं तिच्या डोक्यानं घेतलं. तिनं लोणावळ्याहून धाकट्या सुनेला बोलावून घेतलं. कस्तुराबाईच्या लग्नाला तेव्हा सहा वर्षं झाली होती आणि कूस उजवली नव्हती.

"दे कोंडा न् घिऊन जा," म्हातारी म्हणाली होती. "विकत घेतलीस, आता तुजी. मी हाय तवर माघारी आनायची न्हाई."

कोंडाही म्हातारीच्याच घरातला होता. विठाबाई बाजेवर पडून होती आणि तिला कुणी विचारलं नाही. अशी सरू लोणावळ्याच्या रेल्वेच्या चाळीत वाढली आणि अंबू बेडशात.

दोघी जगल्या. त्यामुळे म्हातारी बरोबर होती असंच सगळे धरून चालले.

पडवीत सासरे, महिपती आबा, भिंतीला टेकून बसले होते. थोरला बजरंग आणि धाकटा नथू, कस्तुराबाईचा नवरा, दोघे दोन बाजूंना. रतनबाईंनी सरूला आबांपुढं उभी केली आणि पाठीवरचं लुगडं खाली केलं.

"बगा आबा. नात हाय तुमची."

आबांनी पाहिलं आणि मान फिरवली. बजरंगनं पाहिलं आणि नथूकडं पाहिलं. नथूनं कुणाकडंच पाहिलं नाही.

"पोटची न्हाई म्हनून हात सुटतो," रतनबाई म्हणाली. "येका पोटाच्या, येका दिवसाच्या दोघी. हितली गाय आन तितली वाघीन. आता मला सांगा, खोट कुटं हाय? पोरीत, का हातात?"

स्वयंपाकघराच्या दारात विठाबाई उभी होती. हातात खिरीचा डाव. ती कधीच फार बोलत नसे. लग्न होऊन आली तेव्हापासून तिच्याबद्दल सगळ्यांना एवढंच माहीत होतं, की ती कामाला वाघ आहे आणि तिच्या अंबूचं नाव कुणी वाईट घेत नाही. "आमची अंबू व्हय? गाय हाय," असं तीच म्हणायची, पाणवठ्यावर, लग्नाकार्यात, कुणी विचारो न विचारो.

"आदी जेवनं हुंद्या," आबा अखेर म्हणाले. "पितर ताटकळत्यात. मग बसू."

म्हणजे निकाल जेवणानंतर लागणार होता. कस्तुराबाई पुन्हा पिठाकडे गेली. पीठ फार पातळ झालं होतं. तिनं त्यात आणखी पीठ घातलं, मग फार घट्ट झालं.

खरं सांगायचं तर, कस्तुराबाईच्या हातून आधी कुणाला हाड्‌ म्हणूनसुद्धा झालं नव्हतं. आंबी गावचं तिचं माहेरच मऊ माणसांचं. चाळीत नळावरून कुणी भांडायला आलं तर ती त्या बाईला बसवून चहा करून द्यायची, आणि बाई भांडण विसरून जायची. सरू घरात आली तेव्हा तिनं तीन वर्षं त्या पोरीला जमिनीवर पाऊल टेकू दिलं नाही. पण पोरीला जमीनच हवी होती. दोन वर्षांची असताना तिनं ताट भिरकावलं, ते नथूच्या कपाळावर बसलं. चार वर्षांची असताना तिला हाक मारली की ती उलट्या दिशेला चालू लागायची, धावत नाही, शांतपणे चालत. आणि सहाव्या वर्षी तिला रुळांचं वेड लागलं. चाळीच्या मागेच रूळ. उभ्या मालडब्यांवर चढून ती बसायची. घाटातून विजेचं इंजिन वर यायचं तेव्हा खाली उतर म्हणून दहा माणसं ओरडायची आणि ती त्यांच्याकडे बघायचीसुद्धा नाही.

एकदा डबा हलला. सरू खंडाळ्यापर्यंत गेली. तिला तिथून गार्डनं आणून दारात उभी केली तेव्हा कस्तुराबाईनं आयुष्यात पहिल्यांदा कुणावर तरी हात उचलला.

पोर रडली असती तर गोष्ट तिथंच संपली असती. रडलेल्या पोराला मारणं कस्तुराबाईला शक्यच नव्हतं. पण सरूनं डावं मनगट तोंडात घातलं, दात रुतवले, आणि मार संपेपर्यंत आईकडे टक लावून बघत राहिली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा डब्यावर होती. मग चापटीची फुंकणी झाली. नथू कामावर गेला की कस्तुराबाई पोरीला खाटेच्या पायाला दोरीनं बांधायची, आणि बांधताना मनातल्या मनात देवाला म्हणायची, ही कोण बाई माझ्या अंगात शिरली रे. सरूच्या मनगटावर दातांचा घट्टा पडला होता. तो बघायची कस्तुराबाईला सवय झाली होती, आणि त्या सवयीची तिला लाज वाटायची.

पानं वाढायच्या आधी अंबू फणी घेऊन तिच्यापाशी आली. "आय म्हनली, काकीकडनं विंचरून घे. तिला सवड न्हाई."

दोघींचा चेहरा एकच, पण अंबू उन्हानं रापलेली आणि एकदम गप्प. कस्तुराबाईनं तिला पुढ्यात बसवली. तेलाच्या वाटीसाठी तिनं हात वर केला आणि अंबूनं मान खांद्यात ओढून घेतली. इतक्या पटकन, की ते बघायला सवयीचे डोळेच लागत. कस्तुराबाईकडे ते होते.

तिनं वाटी खाली ठेवली. अंबूचा डावा हात ओढून बघितला. मनगटाच्या आतल्या बाजूला, अंगठ्याच्या खाली, काळसर जाड कातडी. अर्धगोल. वरचे दात, खालचे दात.

अगदी तीच जागा.

"ह्ये कुनी शिकिवलं तुला?"

"काय?"

"ह्ये चावायचं."

अंबूनं हात काढून घ्यायचा प्रयत्न केला. "कुनी न्हाई."

"सरूचं बगून शिकलीस?"

"सरू कुटं हितं आसती?"

ते खरंच होतं. वर्षाकाठी एखादा दिवस दोघी एकत्र यायच्या, आणि त्या दिवशी कुणी कुणाला मारत नसे.

"आय मारती तुला?"

पोरीनं फणीचे दात एक एक करून मोजल्यासारखे बोटानं दाबले. "म्हशी दुसऱ्याच्या भातात सोडून मी वर लेण्यात जाऊन बसते. दिसभर. मग मारती." तिनं पुढं जोडलं, "घरात कुनी नसताना मारती. मी रडत न्हाई म्हनून लय मारती. काकी, तुमी कुनाला सांगू नगा हां. मागं रतनआत्याला सांगायला गेलते, तवा आयनं..." आणि तिथं ती थांबली.

कस्तुराबाईला पहिल्यांदा काय वाटलं असेल? आनंद झाला. अगदी उघडा, हलकट आनंद. सुटले मी, असं तिच्या मनात आलं. सगळा जन्म गाय म्हणून मिरवलेली ती पोर, आणि तिला मारणारी तिची सख्खी आई. मग एका क्षणात तिला इतकी किळस आली स्वतःची, की वाटीतलं तेल तिनं सगळंच अंबूच्या डोक्यावर ओतलं आणि खाली मान घालून चोळत राहिली.

विठाबाई अंबूला मारत होती. कस्तुराबाई सरूला मारत होती. एक कामाला वाघ म्हणून नावाजलेली, दुसरी मऊ म्हणून. दोन घरं, मधे सगळा मावळ, आणि दोन्ही घरांत भिंतीशी उभी राहून तीच एक पोर मनगट चावत होती. कोण कुणाला काय शिकवत होतं, हे कस्तुराबाईला सांगता आलं नसतं. एवढं मात्र तिला कळलं, की पोरगी येते तेव्हा रिकाम्या हातांनी येत नाही. आपण तिला घडवतो म्हणत असतो, आणि तिनं आपल्याला कधीच घडवायला घेतलेलं असतं.

जेवणं झाली. कावळा पानाला लवकर शिवला म्हणून रतनबाईंना हुंदका आला. मग सगळे पडवीत बसले. बाया दाराशी, पोरी खांबाशी.

"सांग कस्तुरा," आबा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "का मारतीस?"

"ऐकत न्हाई, आबा. रुळावर जाती. येक दिस हाती लागायची न्हाई, ह्या भ्यानं मारते."

"आन बांधतीस?"

"व्हय."

"जनावर हाय का ती?" रतनबाई म्हणाली. "आमाला बी पोरं झाली. आमी न्हाई बांधली!"

"नथू," आबा म्हणाले, "तू काय करतोस तितं?"

नथूनं घसा साफ केला. कस्तुराबाईनं त्याच्याकडं पाहिलं. पंधरा वर्षांच्या संसारात तिनं त्याच्याकडं इतकं मागितलं नव्हतं.

"मी म्हनायचो तिला," नथू म्हणाला. "नको मारू म्हनून. कितींदा म्हनलो."

एकदाही म्हणाला नव्हता. कामावरून यायचा, वळ बघायचा आणि भिंतीकडं तोंड करून पडायचा. पण आता बापाच्या आणि भावाच्या समोर त्याला आपली पाठ तेवढी वाचवायची होती, आणि ती त्यानं वाचवली. कस्तुराबाईला राग आला नाही. फक्त आता आपण या पडवीत एकट्या आहोत हे तिला नीट कळलं.

बजरंग इतका वेळ सुपारी कातरत होता. "माजं म्हननं," तो म्हणाला, "हितं ऱ्हाऊ द्या. भाताच्या आवनीला दोन हात वाढत्याल." आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

"विठा," आबा म्हणाले, "तू बोल. पोर तुजी."

नऊ वर्षांत विठाबाईला हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला होता. ती उठून उभी राहिली. तिचं तोंड आवळलेलं होतं.

"माजी मला द्या," ती म्हणाली. "तवा कुनी इचारलं न्हाई. आता इचारताय तर माजी मला द्या."

पडवीत सगळ्यांचाच श्वास मोकळा झाला. रतनबाईंनी पदर डोळ्याला लावला. कस्तुराबाई ताडकन उभी राहिली. तिच्या जिभेवर सगळं तयार होतं. एक वाक्य, फार तर दोन. हिची गाय बघा, म्हणायचं, आणि अंबूचं मनगट सगळ्यांपुढं धरायचं. मग बघते कोण मला काय म्हणतंय ते.

"अक्का, तुमच्या अंबूच्या..."

खांबापाशी अंबूनं डावा हात पाठीमागं घेतला. दुसरं काहीच केलं नाही. चेहऱ्यावर काही नव्हतं. विठाबाईचीही नजर अंबूकडं गेली, मग कस्तुराबाईकडं आली, आणि तिला कळलं की हिला कळलंय.

"...अंबूच्या डोक्यात उवा झाल्यात," कस्तुराबाई म्हणाली. "तेवढं बगा."

रतनबाई फिसकन हसली. "बगा, बगा! पोरगी हातची चालली न् हिला उवा दिसत्यात! म्हनून म्हनते, काळीज न्हाई हिला."

आबांनी सूप आणायला सांगितलं. म्हातारीनं कोंडा घेऊन दिलेली पोर नुसती ठेवून घ्यायची नाही, ते रीतीनं फिरवलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. अशी काही रीत आहे का हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. म्हातारीचं मोडायचं म्हणजे म्हातारीच्या तऱ्हेनं मोडावं, एवढंच त्यांना सुचलं. कोंडा भरलेलं सूप कस्तुराबाईच्या हातात दिलं आणि ते उंबऱ्यावर उलटं धरायला सांगितलं. तिनं धरलं. कोंडा उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना सांडला, काही तिच्या लुगड्यावर उडाला. अंगणातल्या कोंबड्या लगबगीनं आल्या. मग सरूला त्यावरून आत जायला सांगितलं.

सरू उंबऱ्यापाशी थांबली.

"आये," ती कस्तुराबाईला म्हणाली, "मी रुळावर न्हाई जानार."

तीन वर्षं मार खाऊन जे वचन तिनं कधी दिलं नव्हतं ते आता, अगदी साध्या आवाजात, शाळेतून आल्यावर भूक लागली म्हणावं तसं. बजरंगनं पोरीच्या पाठीला हात लावून तिला आत लोटली, तो हात नेमका जांभळ्या वळावर पडला, आणि सरूनं मनगट तोंडात घातलं.

"बगा, डोळ्यात टिपूस न्हाई," कुणीतरी म्हणालं. "पोरीला बी माया न्हाई लागली."

सूप तसंच हातात धरून कस्तुराबाई बराच वेळ उभी होती. शेवटी विठाबाईनंच ते तिच्या हातून काढून घेतलं.

उन्हं कलायच्या आत निघायला हवं होतं, कामशेतला संध्याकाळची गाडी गाठायची होती. नथू पुढं झपाझप चालला होता. बायकोच्या बरोबरीनं चालायचं तोंड त्याला नव्हतं, आणि ती मागं राहतेय हे त्याच्या पथ्यावरच पडलं. गावाखालच्या ओढ्यापाशी कस्तुराबाई दगडावर बसली. तिला चालवेना. लोणावळ्याच्या खोलीतली खाट तिच्या डोळ्यांपुढं होती आणि खाटेच्या पायाला अजून बांधलेली दोरी. ती सोडायची राहून गेली होती. आता ती जाऊन सोडायची, आणि मग काय करायचं, हे तिला उमगेना. तिनं त्या पोरीला मारलं होतं आणि त्या पोरीवाचून तिला एक दिवस काढता येणार नव्हता, दोन्ही खरं होतं.

मागून पावलं वाजली. विठाबाई येत होती, डोक्यावर पदर नाही, एका हाताला सरू, एका हाताला अंबू. काखेत लहानसं गाठोडं.

"ऊठ," ती म्हणाली. "दोगींना घेऊन जा."

कस्तुराबाईला वाटलं, ही भांडायला आलीय. "अक्का, मी बोलले न्हाई. कुनाला बोलनार बी न्हाई."

"म्हनूनच." विठाबाईला धाप लागली होती. तिनं पोरींना ओढ्याच्या पाण्याकडं पिटाळलं, दोघी जाऊन पाण्यात पाय सोडून बसल्या, एकमेकींशी न बोलता. मग विठाबाईनं डाव्या हातातल्या बांगड्या कोपराकडं सरकवल्या. मनगटावर जुना, पांढरा पडलेला घट्टा होता. बांगड्यांनी झाकला जाईल एवढाच.

"माजा बाप मारायचा," ती म्हणाली. "लय मारायचा. मी रडले न्हाई कदी. अंबू हात तोंडात घालती न् मला वाटतं मीच उबी हाय तितं. मग मी बापावानी मारते. थांबवत न्हाई मला."

"मग मगाशी का मागितलीस सरूला?"

"माजी हाय म्हनून मागितली. नऊ वर्सं मनात धरलं हुतं. मिळाली, आन आत नेली. तिनं पान्याचा तांब्या पाडला. मी हात उगारला, कस्तुरा. घरात पाऊल टाकून घटका झाली न्हवती तिला. लेकरानं मनगट तोंडात घातलं, मी मारायच्या आदीच."

ओढ्याच्या पलीकडं कापलेल्या भाताची धसकटं उन्हात करपत होती. कस्तुराबाई लुगड्यावरचा कोंडा झटकत राहिली. झटकायचं काही उरलं नव्हतं तरी.

"मला येक बी झेपत न्हाई," ती म्हणाली. "मी काय येगळी हाय? बगितलंस की तिच्या पाठीवर."

"बगितलं."

"दोगी झाल्या तर दोगींना मारीन मी. तुला सांगते. मला मी ठाऊक झाले आता."

"मारशील," विठाबाई म्हणाली. "ठाऊक हाय मला. पर तू आज सगळ्यांम्होरं मारते म्हनालीस. मी नऊ वर्सांत कुनाला म्हनले न्हाई, गाय हाय, गाय हाय म्हनत सुटले."

"आबांना काय सांगशील?"

"सांगन, पळाल्या. खरं वाटंल त्यास्नी. पळत्यातच की दोगी. मग कळंल कुटं हायत्या ती, तवर चार दिस जात्याल. त्ये ओरडत्याल, मी ऐकन."

"आन तुजे दिवस कसं जातील, अक्का? येक बी पोर न्हाई जवळ."

विठाबाईच्या बांगड्या खाली आल्या. ती पाण्यातल्या दोन पाठींकडं बघत होती, कुठली कोणती हे मागून तिलाही सांगता आलं नसतं.

"तू मारल्यावर तुला कसं हुतं?" तिनं विचारलं.

"मरावं वाटतं."

"मला भूक लागती," विठाबाई म्हणाली. "मी तिला मारते, आन मग बसून भाकरी खाते. चवीनं खाते."

पोरींना तिनं जवळ घेतलं नाही. गाठोडं दगडावर ठेवून ती वळली आणि गावाकडच्या चढाला लागली, भराभर, कामं खोळंबल्यासारखी. अंबूनं पाण्यातून उठून तिला हाक मारली, मग आणखी एकदा मारली. विठाबाईनं मागं बघितलं नाही.

पलीकडच्या बांधावरून नथू ओरडत होता, गाडी जाईल म्हणून. कस्तुराबाईनं गाठोडं काखेत मारलं. सरू आपणहून येऊन उभी राहिली. अंबू मात्र आई गेली त्या वाटेकडं शांतपणे चालू लागली, हाक मारली तरी थांबली नाही. कस्तुराबाई तिच्यामागं धावली, तिला गाठलं आणि पुढं हात केला. अंबूनं हात दिला नाही. तेव्हा कस्तुराबाईनं तिचा दंड धरला, धरायला हवा होता त्याहून जरा जोरातच, आणि दोघींना घेऊन ती कामशेतच्या वाटेला लागली.